कयाधूकाठचा वाटसरू

रविवार हा सुटीचा दिवस, असे कॅलेंडर सांगते. घरातल्या माणसांना विचारले तर उत्तर वेगळे मिळते. आठवड्याची तुंबलेली कामे, दळण, बाजार, मुलांच्या शिकवण्या, कुणाचे लग्न तर कुणाचे बारसे. यातून गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत एक चक्कर मारून यावी म्हटले तरी जमत नाही. पुढच्या रविवारी बघू, असे म्हणत पावसाळा सरतो, पळस फुलून झडून जातो आणि आंब्याचा मोहर कधी आला नि कधी गळला हे कळतही नाही. वेळ नाही, हे आपल्या काळाचे पालुपद झाले आहे. जणू पूर्वीच्या माणसांना पोटापाण्याची चिंता नव्हती, लेकरेबाळे नव्हती आणि दारात देणेकरी येत नव्हते!

अशा वेळी हिंगोली जिल्ह्यातल्या एका माणसाची आठवण येते. त्याच्या घरात पंधरा माणसे होती. धंदा शिंप्याचा, म्हणजे हातावर पोट असणारा. आई कडक, बायको स्पष्टवक्ती, मुले चार, मुलगी एक. तरीही हा माणूस ऐंशी वर्षांच्या आयुष्यात इतका चालला, की त्याच्या पावलांच्या खुणा भीमेच्या वाळवंटापासून पंजाबातल्या बियासच्या खोऱ्यापर्यंत उमटल्या. संत नामदेव हे आपल्या ओळखीचे नाव आहे. त्यांच्याकडे आपण नेहमी हात जोडून पाहतो. आज जरा त्यांच्या पायांकडे पाहू.

हिंगोलीहून पंधरा-वीस किलोमीटरवर कयाधू नदीच्या काठी नरसी हे गाव आहे. आज ते नरसी नामदेव म्हणूनच ओळखले जाते. 1 मे 1999 रोजी परभणीतून हिंगोली हा वेगळा जिल्हा झाला आणि नरसी त्यात आले. जुन्या कागदांत हे गाव नरसी बामणी या जोडनावाने येते. परंपरेनुसार नामदेवांचे घराणे इथले. यदुशेट हे त्यांचे पूर्वज, दामाशेटी वडील आणि गोणाई आई. शके 1192, म्हणजे इसवी सन 1270 मधल्या कार्तिक शुद्ध एकादशीला नामदेवांचा जन्म झाला. तो नरसीत की पंढरपुरात, यावर अभ्यासकांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. नरसीच्या माणसाला मात्र त्याबद्दल कधी शंका वाटली नाही.

कयाधू ही काही गोदावरीसारखी मोठी नदी नव्हे. ती पुढे पैनगंगेला मिळते. पावसाळ्यात ती दोन्ही काठ धरून वाहते, उन्हाळ्यात वाळू उघडी पडते. आजूबाजूला काळी जमीन, मधूनच खडकाळ माळ, बांधांवर बाभूळ आणि लिंब, माळावर पळस. आता शिवारात हळद आणि सोयाबीन दिसते. सातशे वर्षांपूर्वी पिके निराळी होती, पण ऊन, वारा आणि माती हीच होती.

नामदेवांच्या बालपणाची एक गोष्ट घरोघरी सांगितली जाते. औषधासाठी झाडाची साल हवी म्हणून आईने नाम्याला पाठवले. कुणी पळसाची साल म्हणतात, कुणी दुसऱ्या झाडाची. पोराने कुऱ्हाड चालवली तेव्हा झाडातून रस पाझरला. ते पाहून तो थबकला. घरी आला तेव्हा त्याच्या धोतरावर रक्ताचे डाग होते. झाडाला काय वाटले असेल ते कळावे म्हणून त्याने स्वतःच्या पायाची कातडी सोलून पाहिली होती. गोष्ट घडली की नाही, याचा पुरावा कुणाजवळ नाही. पण सातशे वर्षे आयाबाया ही गोष्ट मुलांना सांगत आल्या, हा पुरावा काही थोडाथोडका नाही. झाड ही वस्तू नसून तोही एक जीव आहे, हे आपल्या समाजाने एका शिंप्याच्या पोराच्या नावावर लिहून ठेवले.

पुढे हे कुटुंब पंढरपुरात राहिले. दामाशेटी कपडे शिवत, बाजारात कापड विकत. मुलाने गादी सांभाळावी, चार पैसे मिळवावेत, एवढीच त्यांची अपेक्षा होती. ती वावगी नव्हती. पण नामदेवांचे मन दुकानात रमेना. महिपतींनी 1762 मध्ये लिहिलेल्या भक्तविजयात बाजाराची एक गंमतीची कथा आहे. वडिलांनी कापड देऊन मुलाला बाजारी पाठवले. संध्याकाळपर्यंत गिऱ्हाईक मिळाले नाही. परतताना नामदेवांना उघड्या रानात धोंडे दिसले. थंडीवाऱ्यात हे उघडेच बसले आहेत, असे वाटून त्यांनी सगळे कापड धोंड्यांना पांघरले आणि पैशांना जामीन म्हणून एक धोंडा घेऊन घरी आले. दामाशेटींनी कपाळावर हात मारला. कथेत पुढे त्या धोंड्याचे सोने होते आणि बापाचा राग निवळतो.

या कथेवर आपण हसतो आणि पुढे जातो. पण जरा थांबून पाहिले तर तिच्यात एका घराची खरी अडचण दडलेली आहे. एकाचे मन उघड्या रानात, वाळवंटात, कीर्तनात. बाकीच्यांना मात्र संध्याकाळची चूल पेटवायची आहे. नामदेवांच्या गाथेत गोणाई आणि राजाई यांच्या तोंडचे अभंग आहेत. ते वाचले की संतचरित्राचे सोवळे वातावरण एकदम निवळते आणि आपल्याच घरातले बोलणे कानी येते. मुलाने शिवणकाम सोडले, घराकडे लक्ष नाही, घरात धान्य नाही, नेसायला धड वस्त्र नाही, पाहुणा आला तर त्याच्यापुढे काय ठेवायचे, हे त्या दोघींचे गाऱ्हाणे आहे. गोणाई तर थेट विठ्ठलाशीच भांडायला उभी राहते आणि माझा मुलगा मला परत दे म्हणून त्याला धारेवर धरते.

राजाईची दुसरी कथा अशीच आहे. घरातले दारिद्र्य पाहून परिसा भागवतांच्या पत्नीने तिला लोखंडाचे सोने करणारा परीस वापरायला दिला. नामदेवांना हे कळताच त्यांनी तो चंद्रभागेत टाकून दिला. परिसा भागवत तक्रार घेऊन आले तेव्हा त्यांनी नदीच्या तळातून ओंजळभर खडे काढले, आणि ते सगळेच परीस निघाले. नदीतला प्रत्येक गोटा ज्याला परिसाच्या मोलाचा, त्याला डबीत जपून ठेवलेल्या एका खड्याचे काय अप्रूप? नामदेवांची बाजू अशी आहे. पण राजाईची बाजू? तिने त्या दिवशी काय शिजवले, हे कथा सांगत नाही.

या सर्व कथांत अखेर देवच धावून येतो, धोंड्याचे सोने होते, कुणी अनोळखी सावकार मोहरांची थैली दारात ठेवून जातो. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी या कथांना चमत्काराची जोड दिली, कारण हा हिशेब चमत्कारावाचून जुळत नाही हे त्यांनाही ठाऊक होते. घरातला एक माणूस मोकळ्या आभाळाखाली निघून जातो तेव्हा त्याच्या वाटणीचे काम कुणाला तरी करावे लागते. आपल्या घरी मोहरांची थैली येणार नाही. म्हणून नामदेवांच्या चालण्याकडे पाहताना राजाईला विसरून चालणार नाही.

त्यांच्या चालण्याला खरी सुरुवात झाली ती ज्ञानेश्वरादी भावंडांची भेट झाल्यावर. तेरच्या गोरोबा कुंभारांच्या घरी संत जमले होते. मुक्ताबाईच्या सूचनेवरून गोरोबांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर हलकेच थापटले आणि मडकी पारखावी तशी पारख केली. सगळे गप्प बसले. नामदेव मात्र चिडले. मडके कच्चे ठरले. अपमानाने पोळलेले नामदेव पंढरपूरला परतले आणि तिथून गुरूच्या शोधात निघाले ते थेट आपल्या मुळाकडे, औंढा नागनाथला.

हिंगोलीहून पंचवीसेक किलोमीटरवर असलेले औंढ्याचे देऊळ यादवकालीन कोरीव कामासाठी प्रसिद्ध आहे. गाभारा जमिनीखाली, अरुंद वाटेने वाकून उतरावे लागते. परंपरा असे सांगते, की तिथे विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून झोपले होते. नामदेवांना राग आला. विसोबांनी त्यांना सांगितले, की जिथे देव नाही अशा जागी माझे पाय उचलून ठेव. नामदेवांनी पाय जिथे जिथे ठेवले तिथे तिथे पिंडी दिसू लागली. देव एका गाभाऱ्यात मावत नाही, तो सर्वत्र आहे, हा धडा त्यांना गाभाऱ्यातच मिळाला. पण त्याचा अर्थ गाभाऱ्याबाहेरचा होता. वर येऊन ज्याने डोळे उघडले त्याला माळरान, झाडे, गुरे, माणसे सगळेच देवाचे ठाणे दिसले असणार. भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपल्याला ठाऊक आहेत, ते या धड्यानंतरचे.

मग ज्ञानदेवांबरोबर तीर्थयात्रा झाली. आधी नामदेव तयार नव्हते. पंढरी सोडून जायचे त्यांच्या जिवावर आले होते. घर आवडणाऱ्या माणसालाही उंबरठा ओलांडायला कुणी तरी सोबती लागतो, तो त्यांना ज्ञानदेवांच्या रूपाने मिळाला. तीर्थावळीच्या अभंगांत या प्रवासाचे वर्णन आहे. मारवाडातल्या वाळवंटात दोघांना तहान लागली. विहीर खोल, दोर नाही, पोहरा नाही. ज्ञानदेव योगबळाने सूक्ष्म होऊन खाली उतरले आणि पाणी पिऊन आले. नामदेवांनी विठ्ठलाचा धावा केला तेव्हा विहीरच काठोकाठ भरून वाहू लागली. बिकानेरजवळच्या कोलायतशी ही कथा जोडली जाते.

चमत्कार बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. कयाधू आणि भीमेच्या काठी वाढलेल्या या माणसाने खरी तहान तिथे अनुभवली. गुरु ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदे आहेत. त्यातल्या एका पदात ते आपल्या ओढीला उपमा देताना मारवाडात पाणी किती प्रिय असते ते सांगतात. उंटाला वेल, हरणाला नाद, कोकिळेला आंबा, भुंग्याला फुलाचा गंध, अशी यादी ते पुढे करत जातात. मराठी अभंगांत पहाटे चारा आणायला उडालेली पक्षीण येते, तिची वाट पाहणारी पिले येतात, गाय आणि वासरू येते. या उपमा नुसत्या घरात बसून सुचत नाहीत. ज्याने उंटाला मान उंचावून वेल ओढताना पाहिले असेल, त्याच्याच बोलण्यात ती येते. नामदेवांच्या कवितेतला निसर्ग चालता चालता त्यांच्या झोळीत पडलेला आहे.

यात्रेहून परतल्यावर थोड्याच काळात, 1296 मध्ये ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली. नामदेव त्या वेळी हजर होते. पाठोपाठ इतर भावंडेही गेली. सोबत सुटली, पण चालणे सुटले नाही. पुढे मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळून चोखामेळा गेले. परंपरा सांगते, की नामदेव तिथवर गेले आणि त्यांच्या अस्थी आणून पंढरीच्या महाद्वारापाशी समाधी बांधली. नंतर ते पुन्हा उत्तरेला गेले. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान इथे त्यांनी आयुष्याची दीर्घ वर्षे काढली. तेव्हा तिथे रान होते आणि त्यांच्या वास्तव्यानंतर भोवती गाव वसले, असे तिथले लोक मानतात. 2015 मध्ये याच घुमानला 88वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा महाराष्ट्रातून गेलेल्या साहित्यरसिकांना आगगाडीनेही हे अंतर लांब वाटले. दीड-दोन हजार किलोमीटर! नामदेव ते पायी गेले होते.

मग घराचे काय झाले, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर नामदेवांच्या घरानेच दिले आहे. नारा, विठा, गोंदा, म्हादा ही मुले, लाडाई, गोडाई, येसाई, साखराई या सुना, लेक लिंबाई, बहीण आऊबाई, आई गोणाई, बायको राजाई आणि गंगाखेडहून आलेली जनाबाई, या सगळ्यांच्या नावावर अभंग आहेत. एकट्याची ओढ हळूहळू साऱ्या घराची झाली. तक्रार करणाऱ्या राजाईलाही त्या घरात तक्रार मांडायला जागा होती आणि ती तक्रारसुद्धा जपून ठेवली गेली. किती घरांत असे होते?

त्यातली जनाबाई तर मुद्दाम आठवावी. नामदेवांना बाहेर पडायला वेळ काढावा लागे. जनाबाईला बाहेर पडावेच लागे. शेण गोळा करायला रानात, धुणे धुवायला नदीवर, पाणी आणायला पहाटे. तिच्यासाठी निसर्ग ही फुरसत नव्हती, मजुरी होती. आजही कयाधूच्या शिवारात हळद काढणाऱ्या बायकांना कुणी निसर्गसान्निध्याचे महत्त्व सांगायला गेले तर त्या हसतील. पण जनाबाईने त्याच कामात आपला सखा शोधला. तिच्या अभंगांत विठ्ठल शेणी वेचू लागतो, जात्याला हात लावतो.

नामदेवांनीही हाच धागा आपल्या एका पदात पकडला आहे, तोही गुरु ग्रंथसाहिबात आहे. मुलगा कागदाचा पतंग करून आभाळात सोडतो, सवंगड्यांशी गप्पा मारतो, पण लक्ष दोरीवर असते. पाणी भरून येणाऱ्या मुली हसतात, बोलतात, लक्ष घागरीवर असते. गाय पाच कोसांवर चरते, तिचे मन वासरापाशी असते. आई घरात-बाहेर कामात बुडालेली असते, लक्ष पाळण्यातल्या बाळाकडे असते. कबीरांच्या दोह्यांतही त्यांची एक हकिकत आहे. त्रिलोचन नावाच्या मित्राने नामदेवांना छेडले, की कापड छापण्यात कशाला गुंतून पडला आहेस? हातपायांनी काम चालू दे आणि चित्त जिथे ठेवायचे तिथे ठेव, अशा अर्थाचे उत्तर नामदेवांनी दिले. म्हणजे उत्तरेतल्या आठवणीत तरी हा माणूस कामचुकार नाही. ज्याने तरुणपणी दुकान टाकले होते, तोच काम आणि ओढ यांची सांगड घालायला शिकलेला दिसतो.

इसवी सन 1350 मध्ये आषाढ वद्य त्रयोदशीला, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, पंढरीच्या महाद्वारात नामदेवांनी देह ठेवला, असे वारकरी मानतात. घुमानचे लोक ती जागा आपल्याकडची मानतात. ज्याने आयुष्यभर पाय थांबवले नाहीत, त्याच्या शेवटच्या विसाव्यावर दोन गावांनी हक्क सांगावा, हे त्याला शोभणारेच. पंढरपुरात मात्र त्यांनी आपली जागा पायरीवर मागून घेतली. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांची धूळ आपल्यावर पडावी, ही चालणाऱ्या माणसाची इच्छा!

हिंगोली जिल्ह्यात ही वाट अजून वाहती आहे. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी रिसोड, सेनगाव, नरसी, औंढा नागनाथ असा मार्ग धरून परभणीकडे आणि पुढे पंढरीला जाते. आषाढीनंतरच्या एकादशीला परतवारीसाठी नरसीत माणसांचा पूर लोटतो. वारी ही नामदेवांच्याही आधीपासूनची, पण तिला जनसामान्यांत रुजवण्यात त्यांच्या कीर्तनाचा मोठा वाटा आहे. या रचनेतले शहाणपण पाहण्यासारखे आहे. वेळ मिळाला तर जाऊ, असे वारीत नसते. तिथी ठरलेली असते आणि कामे तिच्याभोवती बसवली जातात. पेरण्या उरकायच्या, गुरांची सोय भावाकडे लावायची, यंदा सासूने जायचे तर पुढच्या वर्षी सुनेने. घरातला एक जण चालतो तेव्हा बाकीचे त्याचे ओझे उचलतात, कारण पुढे त्यांचीही पाळी येणार असते. राजाईच्या गाऱ्हाण्याला चमत्काराने दिले नाही ते उत्तर हे आहे.

आपल्याला घुमानपर्यंत चालायचे नाही. वीस दिवसांची वारीही सगळ्यांना जमणार नाही. पण महिन्यातला एक रविवार एकादशीसारखा पक्का ठरवता येईल. त्या दिवशी शिकवणी नाही, बाजार नाही. शिदोरी मात्र एकटीने पहाटे उठून करायची नाही, सगळ्यांनी मिळून बांधायची. नाही तर बाकीच्यांची सहल आणि तिची आणखी एक पाळी, एवढाच अर्थ उरतो. मग कयाधूचा काठ असो, नाही तर गावाबाहेरचा साधा माळ. मुलांना पळस कुठला, लिंब कुठला ते दाखवावे, आणि झाडाची साल काढणाऱ्या नाम्याची गोष्ट झाडाखाली बसूनच सांगावी. घरात ऐकलेल्या गोष्टीपेक्षा ती जास्त लक्षात राहील.